मुरांब्यावर चालता येत नाही

रशियातल्या एका लहानशा गावात एका अख्ख्या इमारतीने मला पादत्राणं दान केली, आणि त्याबद्दल मी अजून कोणालाही माफ केलेलं नाही.

लोकांना वाटतं मी वाढवून सांगतो. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत तर आता माझ्यासमोर कोणी रशियाचं नाव काढत नाही, कारण मग मी जिना अडवून उभा राहतो आणि समोरच्याचं दूध नासेपर्यंत सोडत नाही. पण तुम्ही सुज्ञ दिसता. तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं!

आमची मुलगी मुक्ता तिकडे डॉक्टरकी शिकते. व्होल्गा नदीच्या काठचं गाव. नाव सांगत नाही, कारण सांगायला गेलो की जीभ टाळ्याला चिकटते आणि मुक्ता हसते. तिचं हॉस्टेल कॉलेजपासून लांब. सकाळी बसची वाट बघत उभं राहिलं की पापण्यांवर बर्फ जमतो, असं तिने एकदा सहज सांगितलं आणि तिच्या आईने, म्हणजे सुनंदाने, दोन दिवस फ्रीज उघडला नाही. अशात कॉलेजच्या अगदी समोरच्या इमारतीत एका बाईंकडे खोली रिकामी झाली. गालिना पेत्रोव्हना त्यांचं नाव. गावच्या पोस्टात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, एकट्या, कडक. मुक्ताचा त्या खोलीवर जीव जडला होता. फक्त बाईंची एक अट होती. मुलीच्या आई-वडिलांना स्वतः बघितल्याशिवाय त्या खोली देत नाहीत.

"मला बघणार?" मी फोनवरच ओरडलो. "मी काय उपवर मुलगा आहे?"

"बाबा, फक्त चहाला जायचंय. तुम्ही तसेही येणारच होतात ना? आधीच्या दोन मुलींना नाही म्हणाल्यात त्या. प्लीज, मला ती खोली हवी आहे."

आता घरमालकाने भाडेकरूची उलटतपासणी घ्यावी, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पुण्यात तो आपला जन्मसिद्ध हक्कच आहे. आमच्या वरच्या खोलीत राहायला येणाऱ्या पोरांना मी 'आंघोळ किती वाजता करता' इथपासून विचारतो. पण तेच कोणी मला विचारायचं? तेही परदेशात? माझ्या कपाळावरची शीर तेव्हा जी उडायला लागली, ती विमानात बसलो तरी उडतच होती.

आम्ही पोचलो ते मार्चमध्ये. आपल्याकडे मार्केट यार्डात कलिंगडांचे ट्रक लागलेले असतात त्या दिवसांत तिकडे माणसं नदीवरून चालत पलीकडे जात होती. पुलावरून नव्हे, नदीवरून! आणि शांतता तरी किती असावी? हॉर्न नाही, भाजीवाला नाही, कोणाच्या लग्नाचा बँड नाही. मी रस्ता ओलांडायला उभा राहिलो, तर येणारी गाडी थांबली. पुण्यात गाडी थांबली की समजावं, चालकाला आपल्याशी भांडायचं आहे. मी जागचा हललो नाही. तोही हलेना. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी मुक्ताने माझं कोपर धरून मला पलीकडे ओढलं.

"तो तुमच्यासाठी थांबला होता, बाबा."

"का? मी त्याचं काय घोडं मारलंय?"

मुक्ताने माझा फोन आधीच काढून घेतला होता. (विमानतळावर मी भाषांतराच्या अ‍ॅपमधून तिथल्या अधिकाऱ्याला, रांग कशी लावावी, याविषयी चार शब्द ऐकवले होते. त्यानंतर आम्हाला वेगळ्या खोलीत बसवलं होतं. तिथे रांगच नव्हती, हे मी नमूद करतो.) चहाला जाताना वाटेत तिने आम्हाला पढवलं. बाईंना वय विचारायचं नाही. मुलंबाळं का नाहीत, हे विचारायचं नाही. चहात दूध का नाही, हे विचारायचं नाही. भिंतीला ओल आली असेल तर ती दाखवायची नाही.

"मग बोलायचं काय?" मी विचारलं.

"तुम्ही नाही बोललात तरी चालेल."

पोटच्या पोरीने बापाला असं सांगावं! मी मूग गिळून चालत राहिलो. शिवाय मला चालण्याकडे लक्ष देणं भाग होतं, कारण माझे बूट चावत होते. खास या दौऱ्यासाठी लक्ष्मी रोडवर घेतलेले, जाड तळव्याचे, आतून लोकर लावलेले बूट. मुंबईच्या विमानतळापासूनच त्यांनी माझ्या टाचा सोलायला घेतल्या होत्या. सुनंदाचे तपकिरी बूट मात्र तिला झकास बसले होते. दोन्ही जोडांना तिने मागे लाल दोरा बांधला होता. देवळाबाहेर चप्पल हरवण्याचा आमच्या घराला दांडगा अनुभव आहे, तेव्हा ओळखीची खूण म्हणून असा दोरा बांधायची तिची जुनी सवय.

इमारत जुनी, लिफ्ट नाही, पण जिना स्वच्छ. बाईंच्या मजल्यावर खिडकी होती, खिडकीखाली भिंतीला लावलेला गरम पाण्याचा रेडिएटर, आणि खिडकीच्या कट्ट्यावर काय वाट्टेल ते मांडलेलं. जुनी पुस्तकं, घडी घातलेला लहान मुलाचा कोट, काकडीच्या लोणच्याच्या बरण्या. आमच्याकडे जिन्यात एक कुंडी ठेवली तरी सेक्रेटरी नोटीस काढतो! म्हटलं, इथली कमिटी झोपलेली दिसते. पण बोललो नाही. न बोलायचं ठरलं होतं ना?

मुक्ता लाडवांची पिशवी घेऊन पुढे गेली. दार उघडलं, आतून बाईंचा आवाज आला, मुक्ता थेट स्वयंपाकघराकडे गेली आणि दार आमच्यासाठी अर्धवट उघडं राहिलं.

आता इथे नीट लक्ष द्या. आपण परक्याच्या दारात उभे आहोत. पायात बर्फाने आणि चिखलाने माखलेले बूट आहेत. कोणता सभ्य मराठी माणूस तसाच आत जाईल? आम्ही दोघांनी बाहेरच बूट काढले. सुनंदाने ते रुमालाने पुसले, माझ्या बुटांच्या नाड्या आत खोचल्या आणि दोन्ही जोड रेडिएटरला टेकवून ओळीने ठेवले.

"निघताना गरम मिळतील," ती म्हणाली.

मला तिचं कौतुकच वाटलं. (हे मी तेव्हा तिला बोलून दाखवलं नाही. आता तर प्रश्नच मिटला.)

मोज्यांवर आम्ही आत गेलो. आतल्या बोळकंडीत पाहुण्यांसाठी सपाता मांडून ठेवलेल्या होत्या. गालिना पेत्रोव्हना स्वयंपाकघरातून आल्या. उंच, रुंद, चष्मा साखळीला अडकवलेला, पुढचा एक दात सोन्याचा. त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं. मग आमच्या तोंडाकडे पाहिलं. मग एक सुस्कारा सोडला आणि आतून लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड आणून दिले. मला वाटलं, काय अगत्य!

चहा झाला. मुलीला इतक्या लांब का पाठवलंत, घरी कोण कोण असतं, तुमच्याकडे थंडीत घर कसं तापवता, असे प्रश्न झाले. घर तापवायचं नसतं, उलट गार करायचं असतं, या माझ्या उत्तरावर बाईंचा विश्वास बसला नाही. मग सुनंदाने पर्समधून नारळ, तांदूळ आणि ब्लाऊजपीस काढून त्यांची ओटी भरली. बाई पदराच्या जागी एप्रन पसरून, त्यातल्या तांदळाकडे बघत गंभीरपणे बसून राहिल्या. नंतर त्यांनी खोली दाखवली. नदीकडे खिडकी, खिडकीपाशी टेबल, टेबलावर हिरवी टोपी घातलेला दिवा. मुक्ता त्या टेबलावरून नुसता हात फिरवत उभी राहिली. तिचं तोंड बघून माझं काळीज हललं. लहानपणी सायकल आणली होती तेव्हा तिचं तोंड तसं झालं होतं. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ओल होती. मी बोललो नाही!

"विचार करून सांगते," बाई म्हणाल्या. आम्ही उठलो. मी सुनंदाला हळूच म्हटलं, "जमलं." आणि दार उघडलं.

बूट नव्हते.

बुटांच्या जागी एक बरणी होती. काचेची, वर फुलाफुलाचं फडकं बांधलेली, आत लालभडक मुरांबा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (तळपायात नुसत्या सपाता होत्या, त्यामुळे वाट मोकळी होती.) "चोरी!" मी गरजलो. "अगं मुक्ता, चोरी झाली! आणि चोरी करून वर मुरांबा ठेवलाय! ही काय थट्टा आहे?"

"बाबा, हळू! काय झालं?" मुक्ता मागून धावत आली, तोवर सुनंदाने बरणी उचलून आत आणली होती.

"बूट गेले. दोन्ही जोड. पोलिसांना बोलाव."

"बाबा, इथे कोणी असं चोरत नाही."

"मग काय बूट आपणहून नदीवर फिरायला गेले?"

मुक्ताने मला दाराआड ओढलं. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, बाई मागेच उभ्या आहेत. त्यांच्या जिन्यात चोर राहतात, असं तुम्ही म्हणालात ना, तर खोली गेली म्हणून समजा. प्लीज. मी शोधते. पण ओरडू नका."

मी ओरडत नव्हतो. मी ठामपणे बोलत होतो. तरी मी आवाज खाली आणला, कारण खोलीचा प्रश्न होता. सुनंदाने तोवर फडकं सोडून बोटाने मुरांबा चाखला होता.

"बरा आहे हो," ती म्हणाली. "साखर जरा जास्त आहे."

"सुनंदा, तो पुरावा आहे!"

"मग पुराव्यात साखर जास्त आहे."

बाहेर बर्फ, बायकोच्या बोटाला मुरांबा, आणि पोलीस बोलवायचे नाहीत. अशा वेळी पुणेकराजवळ एकच शस्त्र उरतं. पाटी! मी मुक्ताकडून कागद मागून घेतला आणि परक्याच्या सपातांत उभं राहून उभ्या आयुष्यातली सर्वोत्तम पाटी लिहिली: 'ज्या सद्गृहस्थाने आमचे बूट परस्पर नेले, त्याने ते आल्या पावली आणून द्यावेत. पाय आमचे आहेत. मुरांब्यावर चालता येत नाही. बूट आवडले असल्यास लक्ष्मी रोडवर मिळतात, तिथे जाऊन रांगेत उभे राहावे.'

"हे रशियनमध्ये लिही आणि खालच्या दाराला लाव. शब्द न शब्द!"

मुक्ताने वाचलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, आणि लिहिलं. फार लवकर लिहून झालं.

"माझ्या चार वाक्यांचं एकच वाक्य?"

"रशियन भाषा आटोपशीर आहे, बाबा."

ती पाटी लावून आली आणि आम्ही पुन्हा स्वयंपाकघरात बसलो. तिने काय लिहिलं होतं, ते मला फार उशिरा कळलं. तिने लिहिलं होतं: 'भारतातून आलेल्या पाहुण्यांकडे बूट नाहीत, कृपया मदत करा.' माझ्या पाटीचा असा खून आजवर कोणी केला नव्हता!

थोड्याच वेळात बेल वाजली. दारात एक म्हातारी. हातात गुडघ्यापर्यंत येणारे, लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याचे बूट. त्यांना तिकडे वालेन्की म्हणतात. त्यात डावा-उजवा असा भेद नसतो, कोणताही कोणत्याही पायात घाला. म्हातारी माझ्या पायांकडे बघून चुकचुकली, वालेन्की माझ्या मांडीवर ठेवले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"हे माझे नाहीत," मी म्हटलं. "विचार तिला, हे कोणाचे उचललेत?"

मुक्ताने रशियनमध्ये काहीतरी सांगितलं. म्हातारीने डोळे पुसले आणि खुर्ची ओढून बसली.

पुन्हा बेल. हा एक आडदांड माणूस. मासेमारीचे, थेट कमरेपर्यंत येणारे रबरी बूट घेऊन आलेला. त्याच्यामागे एक बाई, तिच्या हातात लेकीचे गुलाबी बूट, वर ससा शिवलेला. त्यामागे सैन्यातून निवृत्त झालेले एक आजोबा, परेडचे बूट घेऊन. मग कोणीतरी टेनिसचे. मग कोणीतरी बर्फावर घसरायचे!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे ही टोळी आहे! अख्खी इमारतच पाहुण्यांचे बूट पळवते. पाटी वाचून घाबरले, आणि आता कोणाचे कुठले ते आठवत नाही म्हणून हाताला लागेल ते आणून देतायत.

"सुनंदा," मी दबक्या आवाजात म्हटलं, "आपण चोरांच्या अड्ड्यात बसलोय. मुलीची खोली इथे नको."

"गप्प बसा हो. किती प्रेमाने देतायत बिचारे."

"चोर प्रेमळच असतात. या गुलाबीवाल्या बाईला विचार मुक्ता, त्या लहान मुलीला अनवाणी करताना तिला लाज कशी वाटली नाही?"

मुक्ताने भाषांतर केलं. ती बाई लाजली आणि तिने माझा हात दाबला. माझ्या संतापाला रशियात असा प्रतिसाद मिळत होता! मी आवाज चढवावा आणि त्यांनी मला आणखी एक केक वाढावा. स्वयंपाकघर माणसांनी आणि बुटांनी भरून गेलं. गालिना पेत्रोव्हना सगळ्यांना चहा देत होत्या, पण मधूनमधून चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. त्यांनी साखरेचं भांडं माझ्यापासून लांब सरकवलं. मुक्ता ते बघत होती. मी मात्र रागाच्या भरात पुराव्याची अर्धी बरणी संपवली होती.

मग शेवटची बेल वाजली.

एक वाळकेसे आजोबा आत आले, मागे त्यांची बायको. वरच्या मजल्यावरचे सेम्योन आजोबा, असं मुक्ताने सांगितलं. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जोड होता. त्यांनी तो उलगडून माझ्यापुढे धरला. बुटाला पुढे अंगठा बाहेर येईल एवढं भोक होतं, पण पॉलिश मात्र आरशासारखं होतं. आजोबा छातीवर हात ठेवून बोलू लागले आणि मुक्ता सांगू लागली.

"ते म्हणतात, त्यांना आजच नवे बूट मिळाले. देवाची कृपा. मग जुने तुम्हाला द्यावेत असं वाटलं. अजून एक हिवाळा निघेल म्हणतात."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. जाड तळवा. आतून लोकर. मागे लाल दोरा.

आजींच्या पायांकडे पाहिलं. तपकिरी. मागे लाल दोरा!

"हे माझे बूट!" मी असा काही ओरडलो की मासेवाल्याच्या कपातला चहा सांडला. "माझेच बूट घालून मला जुने द्यायला आलाय! सुनंदा, दोरा बघ! मुक्ता, सांग यांना! सगळ्यांना सांग!"

सगळी खोली शांत झाली. त्या गावची शांतता काय चीज आहे ते मला तेव्हा खरं कळलं. गालिना पेत्रोव्हनांनी किटली खाली ठेवली आणि मुक्ताला एक प्रश्न विचारला. मुक्ताने मान खाली घालून उत्तर दिलं. मग त्यांनी मला विचारलं, मुक्तामार्फत.

"बाबा, त्या विचारतायत, तुम्ही बूट काढून कुठे ठेवले होते?"

"कुठे म्हणजे? दाराबाहेर!"

"बाहेर?" मुक्ताच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठे बाहेर?"

"त्या रेडिएटरपाशी. पुसून, ओळीने. बूट बाहेरच काढतात."

"कुठे काढतात?"

"जगात सगळीकडे!"

"बाबा, इथे आत काढतात. घरात आल्यावर. आणि त्या खिडकीपाशी पुसून काही ठेवलं, तर त्याचा अर्थ, हे मला नकोय, ज्याला हवं त्याने न्यावं. इमारतीची पद्धत आहे ती. लोणची, पुस्तकं, मुलांचे कपडे. नेणारा बदल्यात काहीतरी ठेवतो, जमेल तसं."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस? वय विचारू नका, दूध मागू नका, ओल दाखवू नका, एवढं सगळं सांगितलंस!"

"मला काय माहीत तुम्ही बाहेर काढाल! तुम्ही आत आलात, तेव्हा मी लाडू बशीत काढत होते!"

ती हे सगळं रशियनमध्ये सांगायला लागली आणि माणसामाणसागणिक चेहरे बदलत गेले. रेडिएटर. पुसून. ओळीने. गुलाबीवालीने तोंडावर हात ठेवला. सैन्यातले आजोबा खोकल्याच्या निमित्ताने भिंतीकडे वळले. गालिना पेत्रोव्हना म्हणाल्या की हे दोघं मोज्यांवर आले, तेव्हाच त्यांना गरिबांचं फार वाईट वाटलं होतं.

गरीब! मी! माझा पारा चढला होता, पण तो नेमका कोणावर काढायचा, हे ठरेना.

तेवढ्यात सेम्योन आजोबा एका स्टुलावर बसले आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. कान लाल झालेले, मान वर करायला तयार नाहीत. शेजारी आजी भिंतीला धरून सुनंदाच्या बुटाची चेन ओढत होत्या. मुक्ता दाराला टेकून उभी होती आणि त्या हिरव्या दिव्याच्या खोलीकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणजे मी आवाज चढवतो, एवढं मान्य करण्याइतका मोठा मी आहे. पण बूट नवे होते हो!

"अहो," सुनंदा माझ्या कानाशी म्हणाली, "राहू द्या म्हणा त्यांना."

"का म्हणून?"

"घरातून निघाल्यापासून कण्हताय. टाचा सोलल्यात तुमच्या. रात्री मी मलम लावते, ते काय हौस म्हणून?"

मी उठलो. अंगात नसलेला उदारपणा आणून हात पसरले आणि म्हटलं, "राहू द्या आजोबा. भेट समजा. भारताकडून!"

याचं मुक्ताने भाषांतर केलं. आजोबांनी विश्वास न बसून पुन्हा विचारलं. मग ते उभे राहिले, बूट घालून दोन पावलं चालले, थांबले, आणि त्यांनी मला असं कवटाळलं की माझे पाय सपातांतून बाहेर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, देशाची आणि माझी, दोघांचीही अब्रू राहिली.

"माझे मात्र मला द्या बाई," सुनंदा आजींना म्हणाली. "ते मला नीट बसतात."

आजींना एक अक्षर कळलं नसावं, पण त्या हसल्या. दोघी जमिनीवर बसल्या, एकमेकींचे पाय हातात धरून बूट काढू-घालू लागल्या आणि इतक्या हसल्या की गुलाबीवालीही त्यांच्यात जाऊन बसली. नंतर आजींनी बरणी हातात घेतली, उरलेला अर्धा मुरांबा पाहिला आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"आवडला का, विचारतायत," मुक्ता म्हणाली.

"साखर जास्त आहे," मी म्हटलं.

मुक्ताने ते 'फार सुरेख' असं सांगितलं असावं, कारण आजींनी मला आणखी एक बरणी दिली.

मी वालेन्की चढवले. डावा-उजवा नसल्यामुळे घालताना चूक होण्याची शक्यता नव्हती, ही त्या दिवसातली एकमेव समाधानाची गोष्ट. बाकी सगळे बूट ज्याचे त्याला परत गेले. लोक निघाले. दारापाशी मी, सुनंदा आणि मुक्ता उभे राहिलो. खोलीचं कोणी बोलत नव्हतं. मुक्ताच्या हातातली ओढणी पिळून पिळून दोरीसारखी झाली होती. गालिना पेत्रोव्हना चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून माझ्याकडे बघत राहिल्या. डोक्यापासून वालेन्कींपर्यंत. मग त्यांनी मुक्ताला काहीतरी विचारलं, फक्त एकच प्रश्न.

मुक्ताने उत्तर दिलं. बाईंचा सोन्याचा दात पहिल्यांदाच पूर्ण दिसला. त्यांनी एप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि मुक्ताच्या तळहातावर ठेवली. मुक्ता त्यांच्या गळ्यातच पडली! सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. मीही जरा गहिवरलो, कारण शेवटी माझ्या त्यागाचं चीज झालं होतं. एवढे नवे बूट मी उगीच सोडले नव्हते.

"बघ," जिना उतरताना मी मुक्ताला म्हटलं, "माणसं बघून लोक खोली देतात. काय विचारलं त्यांनी माझ्याबद्दल?"

"त्यांनी विचारलं, तुझे वडील इथे वरचेवर येणार आहेत का?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"शपथेवर नाही म्हणाले."